दिनविशेषाचा फळा कसा भरावा : ३० एप्रिलचे उदाहरण

बडोद्याच्या दांडिया बाजार परिसरातील ज्या वाचनालयात मी काही वर्षे दिनविशेषाचा फळा लिहीत आलो आहे, तेथे सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी मंडळी पायरी चढतानाच फळ्यावर नजर टाकतात, आणि त्यात चूक सापडली तर ती सांगितल्याशिवाय खुर्चीत बसत नाहीत. हे काम करायचे कसे, असे शाळांतील शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते आणि सोसायटीच्या सूचनाफलकाची जबाबदारी नव्याने अंगावर पडलेले तरुण अधूनमधून विचारतात. एकच तारीख घेऊन सगळी रीत लिहून काढली तर ती अधिक स्पष्ट होईल, म्हणून ३० एप्रिल निवडली आहे. या तारखेशी बडोद्याचे नाते विशेष दाट आहे, आणि दिनविशेष लिहिताना होऊ शकणाऱ्या बहुतेक चुकांची सोयही या एकाच तारखेत आहे.

आधी नोंदवही

आदल्या रात्री मोबाइलवर शोधून सकाळी फळ्यावर उतरवणे, ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत धोक्याची पद्धत आहे. त्याऐवजी ३६६ पानांची एक जाड वही करावी, २९ फेब्रुवारीलाही तिचे पान द्यावे, आणि प्रत्येक पानावर पाच रकाने आखावेत : वर्ष, घटना, ती कोठे वाचली, दुसरीकडे पडताळली का, आणि आपल्या गावाशी तिचा संबंध काय. नोंद प्रथम पेन्सिलीने करावी आणि दुसरा आधार मिळाल्यावरच तीवर शाई फिरवावी. पेन्सिलीची नोंद फळ्यावर जात नाही, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडत नाही. ज्या दिवसाचा फळा करायचा आहे त्याच्या किमान तीन आठवडे आधी ते पान उघडावे, म्हणजे पडताळणीला वेळ उरतो.

दुसरा आधार म्हणजे खरोखर वेगळा आधार. दहा संकेतस्थळांवर एकच वाक्य, त्यातील शुद्धलेखनाच्या चुकीसकट, आढळले तर तो एकच आधार मानावा. एका विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले म्हणून विहिरी दहा होत नाहीत. व्यक्तींसाठी विश्वकोश आणि चरित्रकोश उपयोगी पडतात. संस्थांसाठी त्यांचे स्थापनेचे कायदे, वार्षिक अहवाल आणि स्मरणिका पाहाव्यात, कारण तारखेची चूक झाल्यास ती आधी त्यांनाच खुपते. बडोदेकरांच्या हाताशी आणखी एक साधन आहे. सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून १९१० मध्ये सार्वजनिक वाचनालयांची जी व्यवस्था सुरू केली, तिच्या केंद्रस्थानी असलेली सेंट्रल लायब्ररी आजही मांडवीजवळ उभी आहे, आणि संस्थानकालीन जुन्या छापील मजकुराचा शोध तेथूनच सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

पेन्सिलीची यादी

माझ्या वहीतील ३० एप्रिलच्या पानावर आज वीस-बावीस नोंदी आहेत. जगाच्या इतिहासातील नोंदी भराभर सांगतो : १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात, पुढे इलेक्ट्रॉन या नावाने ओळखल्या गेलेल्या कणाचा शोध जाहीर केला. १९४५ मध्ये हिटलरने बर्लिनमध्ये आत्महत्या केली. १९७५ मध्ये सायगाव पडले आणि व्हिएतनामचे युद्ध संपले. १९९३ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. हिटलरला आदरार्थी बहुवचन द्यावे की नाही यावर आमच्याकडे एकदा वाद झाला होता. मी एकवचनच लिहितो.

आता आपल्याकडच्या नोंदी. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याला आले आणि येथील कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे तंत्र शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातील यावली या गावचा. ज्यांचे बालपण आणि संगीतशिक्षण बडोद्यात झाले ते संगीतकार श्रीनिवास खळे ३० एप्रिल १९२६ रोजी जन्मले. क्रिकेटपटू रोहित शर्मा यांचा जन्म ३० एप्रिल १९८७ रोजी नागपुरात झाला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफर्ड यांना लक्ष्य करून टाकलेला बाँब भलत्याच बग्गीवर पडला आणि केनेडी मायलेकींचा मृत्यू झाला. आणि ३० एप्रिल १९४९ रोजी बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली.

तारीख नेमकी कशाची?

यादी जमली की खरे काम सुरू होते. प्रत्येक नोंदीला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की ही तारीख घटनेची आहे की घटनेच्या बातमीची. हिटलरचा मृत्यू ३० एप्रिलच्या दुपारी झाला, परंतु जर्मन रेडिओने तो १ मेच्या रात्री जाहीर केला, म्हणजे त्या काळचे वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन बसलेला माणूस सहज दोन दिवसांनी चुकेल. फाळक्यांच्या चरित्रातही असाच एक प्रसंग आहे. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी झाला आणि तो सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी लागला ३ मे १९१३ रोजी. दोन्ही तारखा बरोबर आहेत. चूक होते ती दोन्हींसाठी नुसता ‘प्रदर्शित’ हा शब्द वापरल्याने. संस्थांच्या बाबतीत कायदा मंजूर होणे, पायाभरणी, स्थापना, उद्घाटन आणि प्रत्यक्ष कामकाजाचा आरंभ या पाच वेगवेगळ्या तारखा असू शकतात, म्हणून वहीत तारखेशेजारी यांपैकी कोणती ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा प्रश्न असा, की आदल्या आणि दुसऱ्या दिवशी काय झाले. हा मला एका चुकीने शिकवला. फळा लिहू लागल्यावर पहिल्याच वर्षी मी ‘१९४९ : बडोदे संस्थानाचे विलीनीकरण’ असे ३० एप्रिलखाली लिहिले. साडेनऊच्या सुमारास एक वयोवृद्ध वाचक आत आले, माझ्या हातातून खडू घेतला, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘विलीनीकरण एक मेचं. तीस तारखेला विद्यापीठ झालं. त्या वेळी मी शाळेत होतो, मला सांगू नका.’ त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि विद्यापीठाची स्थापना त्याच्या बरोबर आदल्या दिवशी, म्हणजे संस्थानाचा स्वतःचा कारभार चालू असतानाच्या अखेरच्या दिवशी झाली. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली नाहीत तर ‘विद्यापीठाची स्थापना’ ही ओळ कोरडी राहते. शेजारी ठेवली की त्या तारखेमागची निकड दिसते.

तेव्हापासून मी वहीत सहावा रकाना आखला : ‘आदला-दुसरा दिवस’. त्या रकान्यामुळे ३० एप्रिल ही बडोद्यासाठी उंबरठ्याची तारीख आहे, हे आणखी एकदा ध्यानात आले. ३० एप्रिल १९६० हा द्वैभाषिक मुंबई राज्याचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली आणि दांडिया बाजारातील मराठी घरे, एक वीटही न हलता, गुजरात राज्यातील घरे झाली. मुजफ्फरपूरच्या घटनेचा धागाही याच रकान्यातून बडोद्यापर्यंत येतो. बाँब पडला ३० एप्रिलला, आणि २ मे १९०८ रोजी कलकत्त्यात अरविंद घोष यांना अटक झाली. हे अरविंदबाबू १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते आणि बडोदा कॉलेजात शिकवत होते. याच बाँबप्रकरणावर ‘केसरी’त १२ मे आणि ९ जून १९०८ रोजी आलेल्या अग्रलेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांना मंडालेला नेण्यात आले ते याच शिक्षेसाठी. एका तारखेला असे तीन-चार दिवस आणि महिने जोडले की तेवढ्या ओळींतून वाचकाला गोष्ट मिळते.

तिथी, शक आणि संवत्सर

मराठी माणसाची स्मृती तिथीवर चालते आणि सरकारी कागद तारखेवर, त्यामुळे दिनविशेषात या दोहोंची गल्लत होणे अटळ आहे. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिल रोजी आली होती, आणि आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने ती वहीत कायमची नोंदवून टाकली. २०२४ मध्ये तीच तिथी १० मे रोजी होती. सण आणि तिथीने पाळले जाणारे उत्सव तारखेच्या वहीत घेऊच नयेत; त्यांची यादी दरवर्षी पंचांग पाहून वेगळ्या कागदावर करावी. याच कारणाने ‘पुण्यतिथी’ हा शब्द मी तारखेने पाळल्या जाणाऱ्या दिवसासाठी वापरत नाही, तेथे ‘स्मृतिदिन’ लिहितो. हा काटेकोरपणा काहींना अति वाटतो, तो मला मान्य आहे.

जुन्या कागदात शकाचे वर्ष दिले असेल तर गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथीसाठी त्यात ७८ आणि त्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ मधील आहे, म्हणून इसवी सन १६३० येतो. येथे ७८ मिळवणारा माणूस एका वर्षाने चुकतो. बडोद्यात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट जपावी : गुजरातेतील विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, तर उत्तर भारतात तो चैत्रात बदलतो. आपल्याकडच्या गुजराती कागदातील संवतातून कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७ आणि पुढे आश्विनअखेरपर्यंत ५६ वजा करावेत. तिथीवरून नेमकी तारीख काढण्यासाठी मात्र जंत्रीच उघडावी, अंदाज करू नये.

इंग्रजांच्या कागदांतही एक सापळा आहे. ब्रिटनने नवे कॅलेंडर स्वीकारले ते १७५२ मध्ये, आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजला गेला. पोर्तुगीजांनी ते कितीतरी आधी घेतलेले असल्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एकच घटना मुंबईच्या इंग्रजी पत्रात आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात अकरा दिवसांच्या फरकाने आढळू शकते, आणि तरीही दोघांचेही खरे असते. ३० एप्रिलच्या आपल्या यादीतील सर्व नोंदी १७५२ नंतरच्या आहेत, त्यामुळे येथे ही चिंता नाही.

काही तारखांबाबत दुमत राहतेच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंना ग्वाल्हेर येथे वीरमरण आले ते १७ जून १८५८ रोजी की १८ जून रोजी, यावर दोन्ही बाजूंचे लेखन आहे. अशा वेळी प्रचलित दिवशी नोंद घ्यावी आणि दुसरी तारीखही त्याच ओळीत द्यावी.

वाराची कसोटी

पडताळणीचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वार. पत्र, डायरी किंवा वर्तमानपत्रात तारखेबरोबर वार दिलेला असतो, आणि तो जुळला नाही तर कोठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे. ३० एप्रिलसाठी तर हे तोंडी करता येते. साध्या वर्षात १ जानेवारीपासून ३० एप्रिलपर्यंत ११९ दिवस, म्हणजे बरोबर १७ आठवडे जातात, त्यामुळे दोन्ही दिवशी एकच वार असतो. लीप वर्षात तो एकाने पुढे सरकतो. १ जानेवारी १९४९ रोजी शनिवार होता, म्हणून विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवसही शनिवार. १९०८ हे लीप वर्ष, त्याचा पहिला दिवस बुधवार, म्हणून मुजफ्फरपूरचा दिवस गुरुवार. तेथून मोजत गेल्यास १२ मे आणि ९ जून हे दोन्ही मंगळवार येतात, आणि ‘केसरी’ त्या काळी मंगळवारीच निघत असे. अशी साखळी जुळली की मी पेन्सिलीवर शाई फिरवतो.

या कसोटीचा सर्वांत देखणा दाखला ३० एप्रिललाच जन्मलेल्या माणसाचा आहे. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या आईने मुलाची जन्मतारीख लिहून ठेवली नव्हती; तिच्या लक्षात होते ते एवढेच, की तो बुधवार होता आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण आठ दिवसांवर होता. तो सण ईस्टरनंतर ३९ दिवसांनी गुरुवारी येतो, आणि ईस्टर तर चंद्राच्या गतीप्रमाणे दरवर्षी सरकतो. गाउस यांनी कोणत्याही वर्षीचा ईस्टर काढण्याची गणिती रीत तयार केली आणि त्यावरून स्वतःचा जन्मदिवस ३० एप्रिल १७७७ असा निश्चित केला. १७७७ चा ईस्टर ३० मार्च रोजी होता, म्हणून सण ८ मे रोजी, आणि त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार म्हणजे ३० एप्रिल. आपल्या आज्या ‘अखातीज आठ दिवसांवर होती आणि बुधवार होता’ असे सांगतात, तेव्हा त्यांनी दिलेली माहिती गाउस यांच्या आईइतकीच पुरेशी असते. फक्त वर्ष माहीत हवे आणि जंत्री जवळ हवी. याच्या उलट, शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली की ती कागदोपत्री सत्य मानून चालू नये. प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी लिहिलेले १ जून आपल्याकडे घरोघरी सापडतात.

निवड आणि वाक्यरचना

आमच्या फळ्यावर सहा ओळी मावतात आणि मी सातवी कधीही कोंबत नाही. निवडताना पहिला मान गावाशी जोडलेल्या घटनांना, मग मराठी जगाला, मग देशाला, आणि शेवटी जगातील निदान एका घटनेला देतो. ती शक्यतो विज्ञानाची असावी, कारण लढाया आणि खून यांनी फळा आपोआप भरतोच. वॉशिंग्टन आणि सायगाव मी वहीतच ठेवतो. फाळके, खळे आणि विद्यापीठ या तिघांना जोडणारा धागा मात्र सोडू नये. ज्या कलाभवनात फाळके शिकले ते १८९० मध्ये सुरू झाले होते, मौलाबक्ष यांच्या हाताखाली १८८६ मध्ये संस्थानाची गायनशाळा निघाली होती आणि तिच्यातूनच पुढे खळे ज्या संगीत महाविद्यालयाचे विद्यार्थी होते ते उभे राहिले; या दोन्ही संस्था अखेर त्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाल्या.

वाक्य लिहिताना जिवंत व्यक्तीचा ‘वाढदिवस’ आणि दिवंगताची ‘जयंती’ हा भेद कटाक्षाने पाळावा. हयात असलेल्या एका गायकाची ‘जयंती’ फळ्यावर झळकल्याचे मी अन्यत्र पाहिले आहे, आणि त्या दिवशी लिहिणाऱ्याची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाही. आकडेमोडीत ‘कितवी’ याऐवजी ‘किती वर्षे पूर्ण’ असे लिहावे. खळे यांच्या जन्माला ३० एप्रिल २०२६ रोजी १०० वर्षे पूर्ण होतात, परंतु शंभरावे वर्ष सुरू होते ते ३० एप्रिल २०२५ रोजी. ‘जन्मशताब्दी वर्ष’ म्हणताना पुष्कळ मंडळे या दोहोंत घोटाळा करून एक वर्ष उशिरा जागी होतात.

तारखेखाली भारतीय सौर दिनांक देण्याची सवय लावून घ्यावी. राष्ट्रीय सौर कॅलेंडरमध्ये ३० एप्रिल हा दरवर्षी, लीप वर्षातही, १० वैशाखच असतो; फक्त पंचांगातील वैशाखाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून ‘सौर’ हा शब्द गाळू नये. एवढे झाल्यावर फळा असा दिसतो :

३० एप्रिल (भारतीय सौर १० वैशाख)
१७७७ : स्वतःची जन्मतारीख गणिताने काढणारे गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांचा जन्म.
१८७० : भारतीय चित्रपटाचे जनक आणि बडोद्याच्या कलाभवनचे विद्यार्थी दादासाहेब फाळके यांचा त्र्यंबकेश्वर येथे जन्म.
१९०८ : मुजफ्फरपूर येथे खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांचा बाँबहल्ला, दोन दिवसांनी, पूर्वी बडोद्यात प्राध्यापक असलेल्या अरविंद घोष यांना अटक.
१९०९ : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचा यावली येथे जन्म.
१९२६ : बडोद्यात संगीताचे धडे घेतलेले संगीतकार श्रीनिवास खळे यांचा जन्म.
१९४९ : बडोदे संस्थान विलीन होण्याच्या आदल्या दिवशी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना.

रोहित शर्मा यांना वगळल्याबद्दल संध्याकाळी अभ्यासाला येणारी मुले रागावतात, म्हणून उजव्या कोपऱ्यात ‘आज वाढदिवस’ अशी छोटी चौकट करून त्यांचे नाव तेथे लिहितो. अक्षरांसाठी खडू आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवावा. ओल्या खडूने लिहिलेले वाळल्यावर ठळक दिसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीने पुसले जात नाही. वर्षांचे आकडे रंगीत आणि मजकूर पांढरा ठेवला तर दुरूनही वाचता येतो.

दिवसभरात कोणी दुरुस्ती सुचवली तर ती फळ्यावर लगेच करावी आणि सांगणाऱ्याने आधार काय दिला ते वहीत पेन्सिलीने टिपावे. संध्याकाळी पुसण्यापूर्वी फळ्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, आणि त्याच बैठकीत वहीचे पान उलटून १ मेच्या शाईच्या नोंदी एकदा वाचून घ्याव्यात. तेथे पहिलीच ओळ १९४९ ची आहे.